सुईला कळतं, शरीराला?



मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 साली. तिच्या धास्तीनं त्याआधीच एकीनं शहर सोडलं होतं. ती म्हणजे कुलाबा वेधशाळेतली चुंबकसुई. ट्रामच्या विजेनं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, हे ओळखून तिथले संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 साली, अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी राहिली. 1906पर्यंत दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, ताळा जमला, मगच कुलाब्याचं काम थांबलं.

सुईला कळतं, हे खरं. पण माणसाला?

“मोबाइलचा टॉवर आला आणि झोप गेली” असं गावोगाव ऐकू येतं. डोकं जड होतं, अंगाची आग होते, छाती धडधडते. याला विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता म्हणतात. हे लोक सोंग करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 साली हेच सांगितलं: त्रास खरा आहे, पण तो विद्युतचुंबकीय लहरींमुळेच होतो असं दिसत नाही.

ते कसं ठरवलं? तेरचे आपले संत गोरोबाकाका कुंभार आठवा. संतमेळ्यात कोण पक्कं, कोण कच्चं हे मडक्यासारखं पारखायला थापटणं हाती घेतलं तेव्हा त्यांनी नामदेवांनाही सोडलं नाही. इथंही तशीच पारख झाली. लहरी सोडणारं यंत्र चालू की बंद, हे रुग्णाला सांगायचंच नाही आणि विचारायचं, “काय होतंय?” 2005पर्यंतच्या अशा 31 प्रयोगांचा, 725 रुग्णांचा आढावा निघाला. 24 प्रयोगांत काहीच आढळलं नाही. उरलेल्या सातांपैकी दोन त्याच संशोधकांनी पुन्हा केले, तर निकाल फिरला. यंत्र बंद असतानाही लोकांची डोकी दुखली! भीतीनं दुखलेलं डोकंही दुखतंच, त्याला हसू नये.

म्हणून सगळं आलबेल, असंही मी म्हणणार नाही. टॉवरच्या लहरी वेगळ्या आणि विजेच्या तारेभोवतीचं चुंबकक्षेत्र वेगळं. ज्या घरांत हे क्षेत्र सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर होतं, तिथल्या मुलांत रक्ताचा कर्करोग सुमारे दुप्पट दिसला. कारण हेच, असं सिद्ध झालेलं नाही. तरी 2002 साली कर्करोगसंशोधकांनी या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातलं. त्याच गटात आशियाई पद्धतीची भाज्यांची लोणचीही आहेत. (आपल्या कैरीच्या लोणच्याबद्दल मी बोलत नाही, घाबरू नका.) पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास, पण ते स्थिर, तारेतलं सेकंदाला 50 वेळा हेलकावतं, म्हणून दोन्ही एका तराजूत घालू नयेत. तारेपासून दूर गेलं की तिचं क्षेत्र झपाट्यानं ओसरतं, एवढं मात्र नक्की. टॉवरसाठी भारतानं 2012च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली.

माझं मत विचाराल, तर शेतकऱ्याचा जीव घेते ती न दिसणारी लहर नव्हे. लोंबकळणारी तार, उघडी डीपी आणि ओल्या हातानं टाकलेला आकडा. झोप लागत नसेल तर टॉवरला शिव्या घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि उद्या सकाळी आपापल्या शेतातल्या मोटारीची अर्थिंग बघा.