विचारूं का, असें विचारूं नये

आजच्या भाषणांत 'हॅकर' हा शब्द येणार आहे, आणि तो ऐकतांच आपणांपैकीं कित्येकांना बँकेंतील शिलकेची आठवण होईल. वर्तमानपत्रांनीं या शब्दाला चोराचा अर्थ चिकटविला आहे. परंतु १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत, खेळांतल्या आगगाड्यांचें मंडळ चालविणाऱ्या विद्यार्थ्यांमध्यें तो रूढ झाला, तेव्हां यंत्राचें अंतरंग हौसेनें उलगडून पाहणारा मनुष्य, एवढाच त्याचा अर्थ होता. मी बोलणार आहें तें या जुन्या अर्थाच्या हॅकरांविषयीं, आणि त्यांच्या मेळ्यांत जाऊन बसलेल्या माझ्या भाच्याविषयीं.

माझी थोरली बहीण मुरुड तालुक्यांत आगरदांड्यास असते. गांव राजपुरीच्या खाडीवर आहे. धक्क्यावरून समोरच्या दिघीला मोटारगाड्या पोटांत घेऊन बोट जाते. भाचा पुण्यास संगणकशास्त्र शिकत होता. २०२० च्या मार्चमध्यें महासाथीमुळें कॉलेजें बंद पडलीं, तेव्हां तो घरीं परतला. कॉलेजांत त्यानें 'सी' ही भाषा घोकली होती. घोकली, हाच शब्द योग्य. परीक्षेंत प्रोग्रॅम शाईनें कागदावर लिहावयाचा. तो यंत्रावर चालतो कीं नाहीं, याची पंचाईत कोणास?

घरीं त्यानें पायथन भाषा हातीं घेतली. हॉलंडमधील गीडो व्हान रॉसम यांनीं ती १९८९ च्या नाताळच्या सुटींत रचावयास घेतली आणि १९९१ मध्यें लोकांपुढें ठेवली. नांव अजगराचें दिसतें, पण तें घेतलें आहे एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून.

शिकविणारें जवळ कोणी नव्हतें. तेव्हां एका मित्रानें त्याला आय्. आर्. सी. ची वाट दाखविली. ही गप्पांची जुनी सोय १९८८ सालीं फिनलंडमधील यार्को ओइकारिनेन यांनीं निर्माण केली. तींत चित्रें नाहींत, आवाज नाहीं. निव्वळ अक्षरांच्या ओळी. म्हणूनच जेथें चित्रपट अडखळतो अशा क्षीण संकेतावरहि ती चालते. एकेका विषयाची एकेक खोली असते, आणि टोपणनांव घेऊन कोणींहि आंत यावें. भाच्यानें 'जंजिरा' हें नांव घेतलें.

पहिल्याच रात्रीं त्यानें आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत लिहिलें, "मी एक प्रश्न विचारूं का?" उत्तर आलें, "विचारूं का, असें विचारूं नये. विचारावें." आपल्या घरांत हा उद्धटपणा ठरला असता. पण त्या खोलींत शेंकडों माणसें आपापलें काम करीत बसलेलीं असतात, आणि प्रश्न कळल्यावांचून कोणी उत्तराचें वचन कसें द्यावें? प्रत्येक मेळ्याची अशी शिस्त असते. बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स मंडळानें २००८ पासून अशाच खोलींत उन्हाळी वर्ग भरविले. तेथें शंका असल्यास विद्यार्थ्यानें केवळ उद्गारचिन्ह उमटवावें आणि पाळी येईपर्यंत थांबावें, असा दंडक होता. वर्गांत हात वर करण्याचीच ही तऱ्हा.

मग भाच्यानें लिहिलें, "माझा प्रोग्रॅम चालत नाहीं." यावर तिघांनीं विचारलें : तूं काय लिहिलेंस? काय व्हावें अशी अपेक्षा होती? प्रत्यक्षांत काय झालें? त्यांतील एकाचा सूर असा कीं, मुलाचा चेहरा उतरला. दोन दिवस त्यानें यंत्र उघडलें नाहीं. ताई मला फोनवर म्हणाली, "नको ती विद्या. पोराला रडवतात मेले." खरें सांगावयाचें तर मलाहि तसेंच वाटलें.

तिसऱ्या रात्रीं तो ते तीन प्रश्न वहीत लिहून बसला. वडिलांच्या मासळीच्या विक्रीचा महिन्याचा हिशेब तो यंत्राकडून करवीत होता, आणि बेरीज दर वेळीं कमी भरे. काय लिहिलें, तें त्यानें ओळीनें उतरविलें : १ पासून ३० पर्यंत मोज. काय झालें, तें शोधूं लागला, तों तिसाव्या दिवसाची विक्रीच धरलेली नव्हती. पायथनमध्यें '१ ते ३०' असें सांगितलें कीं यंत्र २९ वर थांबतें. शेवटचा आंकडा ही कुंपणाची मेख, तो मोजणींत येत नाहीं. प्रश्न नीट मांडतां मांडतां उत्तर हातीं आलें, आणि खोलींत पाठविण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं! तरी त्यानें जाऊन तें सांगितलें. ज्यानें टोचून विचारलें होतें, त्यानेंच प्रथम अभिनंदन केलें, आणि 'जंजिरा' म्हणजे काय, असें पुसलें. त्या रात्रीं पायथन बाजूस राहून सिद्दींच्या जलदुर्गावरच गप्पा रंगल्या. जात, कॉलेज, मार्क कोणींच विचारले नाहींत.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळलें. ताईच्या घराचीं कौलें उडालीं, वाडींतल्या पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली ती कित्येक दिवस. बाराव्या दिवशीं कोणाकडून तरी यंत्र भारून घेऊन भाचा धक्क्यावर गेला, तेव्हां संकेत मिळाला. त्या खोल्यांत नोंदविलेल्या नांवासाठीं निरोप ठेवतां येतो. त्याच्या नांवें तीन निरोप होते. एकांत एवढेंच होतें : वादळाचा नकाशा पाहिला, तूं ठीक आहेस ना?

पुढें २०२१ च्या मे महिन्यांत फ्रीनोड या आय्. आर्. सी. च्या मोठ्या जाळ्याच्या मालकीवरून तंटा होऊन तें चालविणाऱ्या स्वयंसेवकांनीं राजीनामे दिले आणि लिबेरा हें नवें जाळें उभारलें. भाच्याची खोलीहि तिकडे गेली, पण कांहीं ओळखीचीं नांवें पुन्हां दिसलीं नाहींत. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारीं यंत्रेंहि लोकांच्या हातीं आलीं आहेत. भाचा तीं वापरतो, मीहि वापरतों. तीं फार सौजन्यशील आहेत. अर्धवट प्रश्नाचा अर्थ स्वतःच लावून घेतात आणि उत्तर देतात. त्या रात्रीं आगरदांड्यास असें यंत्र असतें, तर बेरीज लागलीच बरोबर आली असती. ती वही मात्र उघडली गेली नसती, असें मला वाटतें.

भाचा आतां पुण्यास नोकरींत आहे. गेल्या गणपतींत आम्ही सारे आगरदांड्यास जमलों होतों. रात्रीं ताईनें पानें घेतलीं आणि मी त्याला बोलवावयास गेलों, तों खोलींत कोणा नवख्यानें लिहिलें होतें, "माझा प्रोग्रॅम चालत नाहीं." भाच्यानें तेच तीन प्रश्न टाईप केले, फक्त आरंभीं 'सावकाश सांग' एवढें अधिक जोडलें.

"मामा, तुम्ही बसा जेवायला," तो म्हणाला. "याचें उत्तर येऊं दे, मग येतों."