बाईंचं भाषण आणि तीन तासांची कॅसेट

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच आपण पडद्यावर आपल्या मुख्याध्यापिका बाईंचं निरोपाचं भाषण पाहिलं. आज त्या आपल्यात नाहीत. ते चित्रण इथपर्यंत कसं आलं, हे सांगायला संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यात माझी एक चूक आहे. ती आधी सांगून टाकते.

आपल्या दहावीच्या गॅदरिंगचं शूटिंग झालं होतं, आठवतंय ना? शूटिंगवाल्याकडची मूळ कॅसेट माझ्या बाबांनी विकत घेतली आणि इतर काही जणांनी तिच्यावरून कॉप्या काढून घेतल्या. म्हणजे सगळ्यात चांगली प्रत आमच्या घरी होती. पुढे मला नोकरी लागली, घरी डीव्हीडी रायटर असलेला कॉम्प्युटर आला. एका रविवारी मी तीन तासांचं गॅदरिंग आणि ताईच्या लग्नाचे दोन तास, असं सगळं एकाच डिस्कवर बसवलं. एक-दोन डिस्क वाचल्या म्हणून खूश झाले. मग "आता डिस्क आहे की" म्हणत व्हीसीआर आणि कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मी घरातली इंजिनिअर, त्यामुळे मला कोणी अडवलंही नाही.

तेव्हाच्या आमच्या छोट्या टीव्हीवर ती डिस्क बरी दिसायची. या मेळाव्यासाठी "बाईंचं भाषण काढून दे" असं समितीने सांगितलं, म्हणून मी ती मोठ्या पडद्यावर लावली. लेझीम सुरू झालं आणि सगळं चित्र चौकोनांत फुटलं. बाईंचा चेहरा जवळून घेतला होता, तर डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके होते. त्या डिस्कवरून बाईंचा एक धड फोटोसुद्धा निघेना.

असं का झालं, ते सांगते. गणित आठवीचंच आहे. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी जागा असते. ती सगळी एका तासाला दिली, तर दर सेकंदाला सुमारे 10 मेगाबिट वाट्याला येतात. दोन तासांना 5. मी पाच तास कोंबले, म्हणजे राहिले जेमतेम 2. डीव्हीडी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे बाई शांत उभ्या असतील तर थोड्या जागेत भागतं, पण लेझमीच्या चाळीस मुली एकदम वळल्या की सगळंच बदलतं. त्यात जुन्या कॅसेटच्या चित्रात मुंग्या असतात. कॉम्प्युटरला त्या मुंग्याही हालचालच वाटतात, आणि होती ती जागा त्यांच्यावरच खर्च होते. मग तो चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे करून त्यातले बारकावे टाकून देतो. एकदा टाकले की परत येत नाहीत.

कोणी म्हणेल, आता एआयने चेहरा स्वच्छ करता येतो. मी करून पाहिला. चेहरा सुंदर आला, पण तो बाईंचा नव्हता. जे डिस्कवर नाहीच, ते यंत्र अंदाजाने भरतं. मी ती फाइल काढून टाकली.

मग आपल्या ग्रुपवर विचारलं, आणि आपल्यातल्या एकीच्या आईने माळ्यावरून कॅसेट काढली. लेकीने तीनदा फेकायला सांगूनही काकूंनी ती जपली होती. काकू आज इथे बसल्या आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या झाल्याच पाहिजेत.

कॅसेटच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. अशी कॅसेट मोह झाला तरी व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटलाही. आधी जाणकाराकडून फीत साफ करून घेतली. मग उसना व्हीसीआर आणला, हेड पुसला, फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली आणि मगच कॉम्प्युटरला जोडली.

या वेळी काटकसर केली नाही. चित्र 720 बाय 576 या पूर्ण मापात, काहीही न टाकता उतरवलं. तासाला सुमारे 30 जीबी लागले. ही मूळ फाइल हार्ड डिस्कवर तशीच राहील, आणि पुढच्या सगळ्या प्रती तिच्यावरूनच निघतील. डिस्क मात्र तीन केल्या, प्रत्येकीवर एकच तास.

एक खाचखळगा सांगून ठेवते. आपल्याकडचा जुना व्हिडिओ सेकंदाला 25 चित्रांचा, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. या अर्ध्यांचा क्रम उलटा लागला, तर स्थिर चित्र ठीक दिसतं, पण हालचाल थरथरते. माझी पहिली डिस्क अशीच झाली, लेझीमवाल्यांना थंडी वाजल्यासारखी. क्रम बदलला आणि हात सरळ फिरू लागले. म्हणून सगळ्या डिस्क जाळण्याआधी भरपूर हालचालीचा एक मिनिटाचा तुकडा करून टीव्हीवर बघा. आणि डिस्क करताना हे दोन अर्धे एकत्र मिसळू नका. ते काम टीव्ही करतो.

ज्यांच्याकडे आधीच डिस्क आहेत, त्यांनी त्यातल्या फाइल जशाच्या तशा हार्ड डिस्कवर कॉपी कराव्यात. "कन्व्हर्ट" करू नये, कारण प्रत्येक कन्व्हर्टमध्ये थोडं जातं. मोबाइलवर पाठवलेली क्लिप पाहायला ठीक, पण ती एकमेव प्रत नको. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका आणि ती उन्हात ठेवू नका. आणि डिस्क झाली म्हणून कॅसेट टाकू नका.

काकूंची कॅसेट कॉपीची कॉपी. तिच्यात रंग ओघळलेत, कडा मऊ झाल्यात. आज पडद्यावर बाईंच्या साडीचा काठ पसरट दिसला, तो त्यामुळे. मूळ कॅसेटमध्ये तो काठ स्पष्ट होता, मला आठवतो. तो मी भंगारात घातला. तरीही बोलता बोलता चष्मा काढून डोळे पुसणाऱ्या बाई आज आपल्याला दिसल्या. माझ्या डिस्कमध्ये ते कळतही नव्हतं.

मूळ फाइलची एक प्रत शाळेच्या ऑफिसमध्ये दिली आहे, एक माझ्याकडे. तुमच्या माळ्यावर, कपाटात कुठलीही जुनी कॅसेट असेल, क्रीडादिनाची, सहलीची, अगदी घरच्या बारशाची, तर तशीच माझ्याकडे आणा. वेळ लागेल, पण कोंबणार नाही.