तेलाचा लाल दिवा : जुन्या गाडीचे दुखणे ओळखताना

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कृषिविद्या’ असे छापले आहे आणि विषय मात्र गाडीच्या इंजिनाचा आहे. याचे कारण मागच्या मेळाव्यात घडले. मी टोमॅटोच्या खतमात्रेवर बोलत होतो. एक बागायतदार उठून म्हणाले, “साहेब, खताचं कळलं. पण माल न्यायची गाडी घाटात बसली तर त्या खताचं काय करायचं?” मी जरा गप्प झालो. ही गोष्ट आमच्या स्वतःच्या घरात घडलेली आहे आणि तिच्यात माझाही दोष आहे. तेवढ्या अधिकारावर आज बोलतो.

आमच्या घरी माल वाहण्यासाठी जुनी डिझेल व्हॅन आहे. ती थोरले बंधू चालवतात. एके वर्षी तिचा तेलाचा लाल दिवा सतत लागून राहू लागला. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितले, “बेअरिंगे गेली, इंजिन बांधावे लागेल.” दुसऱ्या मिस्त्रीने दहा मिनिटांत दाखवून दिले की दोष फक्त स्विचचा होता. स्विच बदलला आणि दिवा गेला. मोठा खर्च वाचला, पण त्यातून आम्ही चुकीचा धडा घेतला. दिवा खोटे बोलतो, असे आमच्या मनात बसले.

पुढच्या हंगामात टोमॅटोचे क्रेट भरून बंधू पहाटे निघाले. चढावर दिवा लागला. त्यांनी गाडी थांबवून काडी पाहिली, तेल बरोबर होते. दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला तर दिवा गेलेला. त्यांनी मला फोन केला. मी झोपेतच म्हणालो, “वायर ढिली असेल, जा तुम्ही.” तीन-चार किलोमीटरवर पुन्हा दिवा लागला, खडखडाट सुरू झाला आणि इंजिन जाम झाले. माल दुपारी दुसऱ्या गाडीने बाजारात पोचला, तोवर लिलाव उरकलेला होता. क्रँक आणि बेअरिंगांच्या खर्चात त्या प्लॉटचा नफा गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पीक पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी असेल, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसेल, नाहीतर पाणी साचून मुळे गुदमरली असतील. लक्षण एक असले तरी कारणे तीन असू शकतात. लाल दिव्याचेही तसेच आहे.

इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाइतकी बारीक फट असते. पंप त्या फटीत दाबाने तेल भरतो आणि क्रँक त्या तेलाच्या थरावर फिरतो. थर तुटला की धातूवर धातू घासतो. गाडीवर भार असेल तर मग काही मिनिटेही पुरतात. इंजिनाच्या अंगाला आट्यांनी बसवलेला एक लहान स्विच असतो. तेलाचा दाब साधारण ०.३ ते ०.६ किलो प्रति चौरस सें.मी.च्या खाली गेला की त्यातला संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. म्हणजे हा दिवा ‘दाब थोडा कमी झाला’ असे सांगत नाही. तो लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. तेलाच्या पातळीशी तर त्याचा थेट संबंधच नाही. आमची चूक इथेच झाली. काडीवर तेल दिसले म्हणजे ते बेअरिंगापर्यंत पोचते असे आम्ही धरले.

दिवा लागल्यावर गाडी बाजूला घ्यावी आणि मगच इंजिन बंद करावे. उतारावर धावत्या गाडीची चावी फिरवू नये, कारण बहुतेक गाड्यांत ब्रेकला इंजिनाची मदत असते. गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटांनी काडी पाहावी. तेल कमी असेल तर भरावे आणि गळती शोधावी. वळणावर किंवा ब्रेक दाबताना क्षणभर दिवा लागत असेल, तर बहुधा तेलच कमी असते. तेल खुणेच्या वर चढलेले दिसले तर मात्र खूश होऊ नये. वास घ्यावा. डिझेल मिसळून तेल पातळ झालेले असू शकते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. अशा दोन्ही वेळी गाडी चालवू नये.

तेल ठीक असेल तर वायर तपासावी. इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी, दिवा लागलाच पाहिजे. मग स्विचवरची वायर काढावी. तरीही दिवा तसाच राहिला, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. वायर काढल्यावर दिवा गेला, तर दोष स्विचचा तरी आहे किंवा दाब खरोखर नाही. या दोहोंतला फरक डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी स्विच काढून त्याच भोकात हाताचा दाबमापक बसवावा लागतो. चांगल्या मिस्त्रीकडे तो असतो, आणि नसेल तर तो मिस्त्री चांगला कसा, असा माझा प्रश्न आहे. इंजिन पूर्ण गरम करून स्लोवर आणि नंतर रेसवर आकडा घ्यावा. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत गरम असताना स्लोवर एक किलोच्या आसपास दाब मिळतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. मापकावर दाब ठीक आला, तर स्विच बदलून मोकळे व्हावे. मापकाशिवाय इंजिन उघडायला परवानगी देऊ नये.

दाब खरोखर कमी असेल तर तो केव्हा पडतो ते पाहावे. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लोवर दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की जातो, असे असेल तर तेल पातळ झाले आहे किंवा बेअरिंगे झिजली आहेत. पंपाची झीज किंवा दाब सोडणारी झडप उघडी अडकणे हीही कारणे असतात. पण सुरुवातीला दाब चांगला, गाडी भराने वर चढू लागली की पडतो आणि थोडे थांबल्यावर परत येतो, तेव्हा चेंबरमधल्या गाळणीचा संशय घ्यावा. पंप ओढतो तसा कचरा गाळणीला चिकटतो आणि इंजिन थांबले की खाली पडतो.

आमच्या गाडीत हेच झाले होते. आधी चेंबरचे पॅकिंग गळत होते, म्हणून एका गॅरेजमध्ये सीलिंगची पेस्ट सढळ हाताने लावली गेली. जास्तीची पेस्ट आत सुकून तिचे तुकडे सुटले आणि गाळणीत जाऊन बसले. चेंबर उतरवून ती धुतली असती तर काम एका दिवसाचे होते. फोनवर “थांबून परत दिवा गेला” असे बंधूंनी मला सांगितले होते. खूण समोर होती, मी ती ओळखली नाही.

आणखी एक. दिवा घालवण्यासाठी काहीजण जाड तेल किंवा डब्यातले घट्ट औषध ओतायला सांगतात. त्याने दिवा जातो, झीज जात नाही. गाडी विकायची असेल तर विकणाऱ्याला ते सोयीचे असते, म्हणून जुनी गाडी घेताना ती गरम करून स्लोवरचा दाब मोजून घ्यावा.

आमच्या व्हॅनला आता डॅशबोर्डवर कायमचा मापक आहे. तेल बदलले की गरम इंजिनाचा स्लोवरचा आकडा बंधू गोठ्याच्या भिंतीवर तारखेसह खडूने लिहितात. ती जुनी गाळणी मी आज सोबत आणली आहे. मंडपाच्या मागच्या टेबलावर मापकाशेजारी ठेवली आहे. चहाच्या वेळी हातात घेऊन पाहा. जाळीत अडकलेले तुकडे मुद्दाम काढलेले नाहीत.