पाळी लावण्याआधी दोन शब्द



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने डिचोलीत आपलं मनःपूर्वक स्वागत. नार्वेच्या सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला, तो हा तालुका. शेजारचं पेडणं दशावताराचं.

कामाच्या ठिकाणचा संवाद आणि भावना हा विषय आपण इथे घेतलात, ते योग्यच झालं. या दोन तालुक्यांइतकं कामाचं रूप गोव्यात क्वचितच कुठे बदललं असेल. डिचोलीची चूल वर्षानुवर्षं खाणींवर पेटली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा पुन्हा थांबल्या. ट्रकमालक, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले सगळेच हवालदिल झाले. उत्पन्न बुडाल्याचं दुःख मोठं होतंच. पण पुढे काय होणार हे समोर बसून कुणी सांगत नाही, जे कळतं ते वर्तमानपत्रातून किंवा तिठ्यावरच्या गप्पांतून, ही सल मी अनेक घरांत ऐकली आहे.

पेडण्याची गोष्ट निराळी. मोपा विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं ये-जा करू लागली. तुयेत औद्योगिक वसाहत आहे, मोरजी-हरमलला हॉटेलं आहेत. शेतात नि काजूच्या बागेत राबणाऱ्या घरांतली मुलं आता गणवेश घालून पाळीवर जातात. त्यांच्यापैकी अनेकांना हसतमुख राहण्याचाच पगार मिळतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशील्ड यांनी हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ च्या आपल्या पुस्तकात याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. पाटी उचलून दुखलेला खांदा दाखवता येतो. दिवसभर पाहुण्यांचं ऐकून घेऊन आलेला शीण दाखवता येत नाही.

अशा मुलीने गणेशचवथीची रजा मागितली की एखादा पर्यवेक्षक मान वर न करता म्हणतो, “रोस्टर लागलाय, आता काही होणार नाही.” दुसरा विचारतो, “घरी माटोळी कोण बांधतं? तू आदल्या दिवशीची सकाळची पाळी कर, चवथीला तुझ्या जागी कुणाला तरी घालतो. दिवाळीला मात्र तू यायचं.” रजा तेवढीच, माणसंही तेवढीच. पण गर्दीच्या दिवशी जादा थांबायची वेळ आली, तर ती मुलगी यांतल्या कुणासाठी थांबेल, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

ऐकून घेण्याचं हे मोल नवं नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारत. कामगार मात्र विषय सोडून आपल्याच मनातलं बोलू लागत. शेवटी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि त्यांना हवं ते बोलू दिलं. आपल्याकडे अजून ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’चा फॉर्म भरून घेतात, वर्षातून एकदा केक कापतात आणि संवाद झाला असं समजतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्या बोलण्यानंतर काहीच बदलत नाही, त्यासाठी कामगार दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. नकार द्यायचा असेल तर तोही कारणासह, तोंडावर द्यावा. माणूस तो पचवतो. दुर्लक्ष पचवत नाही.

लिलावात गेलेल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यावर काम पुन्हा सुरू झालं आहे, पेडण्यात नव्या नोकऱ्या येत आहेत. जुन्या सवयी तिथे न नेण्याची हीच वेळ आहे. म्हणून व्यवस्थापकांना एकच विनंती करतो. इथून परत गेल्यावर पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावण्याआधी आपल्या माणसांपाशी बसा, त्यांचं ऐका आणि त्यातली निदान एक गोष्ट त्याच महिन्यात करून दाखवा.