गळावरची आसरा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. खटाव तालुक्यातल्या या गावात, जिथे माणसाचे निम्मे आयुष्य पावसाची वाट पाहण्यात जाते, तिथे माशाच्या गळाला पिसाचा किडा कसा बांधावा हे ऐकायला कोण येणार? आणि सांगणारा कोण, तर कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता! म्हणून आधी खुलासा करतो. गळ टाकून बसण्याइतकी सवड मला कधी मिळाली नाही. परंतु हाताने काम करणारा माणूस काय जाणतो, आणि त्याच्या जाणतेपणाला जगात काय मोल मिळते, हा माझा नित्याचा विषय आहे. त्या विषयाचे बोटाच्या पेरावर मावेल एवढे लहान उदाहरण मला या किड्यात सापडले. ते आपणापुढे ठेवतो.

या किड्याला इंग्रजीत निंफ म्हणतात. निंफ म्हणजे मूळ ग्रीक पुराणातली जलदेवता. आपल्याला ती परकी नाही. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेल्या सात दगडांना आपण साती आसरा म्हणतो. अप्सरेची आसरा झाली. युरोपातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी पाण्यातल्या काही किड्यांच्या बाल्यावस्थेला त्यांच्याकडच्या आसरेचे नाव दिले, एवढेच.

या किड्यांपैकी मेफ्लायची गोष्ट पाहण्याजोगी आहे. मादी पाण्यावर अंडी घालते. अंड्यातून निघालेला जीव दगडाखाली, शेवाळात, गाळात राहतो. काही जातींत हा काळ काही आठवड्यांचा, काहींत वर्षभराचा, क्वचित त्याहूनही अधिक असतो. पोटाच्या कडेने असलेल्या कल्ल्यांनी तो पाण्यातला प्राणवायू घेतो. वेळ भरली की पोहत वर येतो, पाठीवरची कात फोडतो आणि पंख घेऊन उडतो. पुढे पंखांसकट आणखी एकदा कात टाकतो. असे करणारा दुसरा कीटक नाही. मग जोडी, अंडी आणि मरण, हे सारे फार तर दोन-चार दिवसांत आणि पुष्कळदा एकाच दिवसात. पंख फुटल्यावर त्याला खाणेही नाही, कारण खाता येईल असे तोंडच उरत नाही. सारांश, ज्याला लोक माशी म्हणून ओळखतात त्याचे जवळजवळ सारे आयुष्य पाण्याखाली, कोणाच्या नजरेस न पडता जाते. माशाला मात्र ते ठाऊक असते. तो आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच उचलतो.

इंग्लंडमध्ये ट्राउट नावाचा मासा धरण्यासाठी पिसे, लोकर आणि रेशीम गळाला बांधून खोटी माशी करण्याची कला जुनी आहे. १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात अशा माश्यांची कृती दिलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्पशायरच्या स्वच्छ नद्यांवर फ्रेडरिक हॅल्फर्ड याने पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचे शास्त्र रचले. त्याची पुस्तके १८८६ आणि १८८९ सालची. पुढे त्याच्या अनुयायांनी त्या शास्त्राचा धर्म करून टाकला. तरंगणारी माशी तेवढी सोवळ्यातली, बुडणारी ओवळ्यातली! सोवळ्याओवळ्याचा रोग आपल्याच मुलखात आहे असे समजण्याचे कारण नाही.

या धर्माला विरोध केला तो स्क्यूज नावाच्या लंडनच्या एका वकिलाने. १८५८ साली जन्मलेला हा माणूस पुराव्यावर चालणारा होता. मासा काय खातो यावर वाद घालण्यापेक्षा धरलेल्या माशाच्या पोटातील जिन्नस लांबट चमच्याने काढावेत, पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात सोडावेत आणि पाहावे, ही त्याची रीत. बशीत पंखवाल्या माश्या थोड्या आणि निंफ पुष्कळ दिसत. १९१०, १९२१ आणि १९३९ साली त्याने यावर पुस्तके लिहिली. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफ वापरणे रीतीला धरून आहे की नाही यावर वाद भरवला गेला. स्क्यूज तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षांचा होता.

परंतु मला ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो ना वकील, ना जमीनदार. त्याचे नाव फ्रँक सॉयर. जन्म १९०६, मृत्यू १९८०. विल्टशायरमध्ये ॲव्हन नदी आहे. तिच्या नेदरॲव्हन भागातला काही मैलांचा पट्टा लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी मंडळाकडे होता. त्या पट्ट्याचा सॉयर हा राखणदार. पाणवनस्पती कापणे, गाळ काढणे, काठ धरून ठेवणे, माशांची पैदास पाहणे, ही त्याची पगारी नोकरी. अधिकारी रजेच्या दिवशी नदीवर येत, हा रोज असे. चिखलात गुडघाभर उभे राहून त्याने जिवंत निंफ पोहताना पाहिला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की निंफ पोहू लागला की पाय अंगाशी दुमडून घेतो. आजवरचे कारागीर कोंबड्याच्या मानेचे पीस गुंडाळून निंफाला पाय लावीत होते. सॉयरने पाय काढून टाकले. राहिले काय? निमुळते अंग, पाठीवर पंखांची गाठोडी, मागे शेपटी, आणि झटकन बुडेल एवढे वजन.

त्याने जो निंफ बांधला तो आज जगभर फेझंट टेल या नावाने ओळखला जातो. फेझंट हा आपल्या रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. त्याच्या नराच्या शेपटीचे पीस तांबूस तपकिरी असते. सॉयरच्या कृतीत फक्त दोन जिन्नस: हे पीस आणि तांब्याची बारीक तार. दोरा नाही, रोगण नाही. तार म्हणजे छोट्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये गुंडाळलेली असते तशी, लालसर, केसासारखी. मोटारीची कॉइल भरणारा कामगार ती रोज हाताळतो. याच औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा तार म्हणजे काय हे इथे समजावून सांगण्याची गरज नाही.

कृती अशी. गळ वाइसमध्ये घट्ट धरावा. त्याच्या दांड्यावर तार एकसारखी गुंडाळीत जावी. पुढच्या भागात, जिथे किड्याची छाती येते, तिथे जास्त वेढे घेऊन उंचवटा करावा. वजन इथूनच मिळते आणि शरीराचा आकारही इथेच ठरतो. मग तार मागे, गळाच्या वळणापर्यंत आणावी. पिसाचे चार तंतू घेऊन त्यांची टोके तिथे तारेने अशी दाबावीत की ती किंचित बाहेर राहतील. ती शेपटी झाली. आता तंतू त्याच तारेला पीळ देऊन दोन्ही मिळून पुढे गुंडाळावेत. पिसामुळे रंग येतो, तारेमुळे पीस तुटत नाही. डोळ्यापाशी आल्यावर दोन्ही सुटे करावेत. तंतू उंचवट्यावरून मागे न्यावेत, तारेने दाबावेत, पुन्हा पुढे आणून दाबावेत. असे घडीवर घडी बसली की पंखांची गाठोडी तयार. तारेचे दोन-चार वेढे घेऊन तुकडा मोडून टाकावा. संपले.

दुसरा एक प्रसिद्ध नमुना सशाच्या लवेचा. सशाच्या कानाची आणि तोंडावरची आखूड लव चिमटीत घेऊन मेण लावलेल्या दोऱ्यावर वळतात, आपण वात वळतो तशी. तो जाडसर दोरा गळावर गुंडाळतात आणि वरून सोनेरी जरीचे वेढे देतात. छातीपाशी लव सुईने उचकटून मोकळी करतात; तेच किड्याचे पाय. जर चमकते ती पाण्यात निंफाच्या अंगावरच्या वळ्यांसारखी दिसते. गळावर बांधलेला ससा जवळून पाहिला तर कचऱ्याचा बोळा वाटतो. पाण्यात मात्र माशाला तो जिवंत दिसतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी केलेले काम आणि कामासाठी केलेले काम यांतला फरक यापेक्षा स्पष्ट मी कुठे पाहिला नाही.

सॉयरने ही विद्या लपवली नाही. १९५८ साली त्याचे निंफांवरचे पुस्तक निघाले. त्याचा शेजारी ऑलिव्हर काइट हा निवृत्त लष्करी अधिकारी. त्याने १९६३ साली आपल्या पुस्तकातून तीच विद्या पुढे नेली, आणि पीसही न लावता नुसत्या तारेचे वेढे दिलेल्या गळाने मासे धरून दाखवले. पगारी राखणदाराची निरीक्षणे पुस्तकात आली, त्यावर त्याचे नाव छापले गेले, म्हणून आज मी इतक्या दूर औंधात त्याचे नाव घेऊ शकतो. हे सदैव होत नाही. म्हणूनच ते मोलाचे आहे.

दुसरी बाजू पाहा. खोट्या माश्या बांधण्याचे काम पुष्कळ ठिकाणी नगावर चालते. केनियात हा धंदा गेल्या शतकापासून आहे; तिथे बांधलेला माल युरोप-अमेरिकेत विकला जातो. डब्यावर दुकानाचे नाव असते, बांधणारीचे नसते. आपल्याकडच्या विडी कामगार स्त्रियांना हे सांगायला नको. पान कापा, तंबाखू भरा, दोरा बांधा, हजारावर मजुरी घ्या आणि छाट निघाली की ती सोसा. त्यांच्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. बोटांचे कौशल्य तेच, डोळ्यांचा ताण तोच. एक स्त्री मात्र अपवाद ठरली. मेगन बॉइड, १९१५ ते २००१, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एका झोपडीवजा घरात आयुष्यभर सामन माशाच्या माश्या बांधीत बसली. तिला १९७१ साली ब्रिटिश सरकारने पदक दिले. तिने स्वतः मासे धरले नाहीत. असा मान हजारांत एकीला. उरलेल्यांच्या नावांची यादी कोणी ठेवली नाही.

मालाचीही गोष्ट तीच. आपल्या सह्याद्रीत करड्या रंगाचा रानकोंबडा आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेसारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. सामन माशाच्या शोभिवंत माश्यांना हे पीस इतके हवे असे की या पक्ष्यांच्या माना विलायतेला जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता त्याला संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या व्यापाराच्या काळात मानेची किंमत कॅटलॉगात छापली जाई; रानात फासे लावणाऱ्याच्या हाती त्यातले काय पडले, हे कॅटलॉगात छापण्याचे कोणाला कारणच नव्हते.

आणि विद्येचे पाहा. कर्नल साइक्स या मुंबई सैन्यातल्या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले. आपल्या नद्यांतला महाशीर त्याने शास्त्राला परिचित करून दिला. त्याच्या शास्त्रीय नावात आजही खुद्री हा आपल्या लोकांच्या तोंडचा शब्द आहे आणि त्यापुढे साइक्सचे नाव लिहितात. साइक्सचा मान त्याला अवश्य मिळावा. पण मासा हातात धरून, हा खुद्री, असे ज्याने सांगितले त्याचे नाव कुठे गेले? शब्द राहिला, बोलणारा पुसला गेला.

औंधच्या टेकडीवर भवानी संग्रहालय आहे, १९३८ साली बांधलेले. तिथे राजा रविवर्म्याच्या चित्राखाली रविवर्म्याचे नाव आहे. कलावंताला नाव असावे हे या गावाला शिकवावे लागत नाही. ज्या राजाने संग्रहालय उभारले, त्यानेच १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्या गावात मला एवढेच म्हणायचे आहे की कारागिराला आणि नदीकाठच्या माणसालाही नाव असावे.

यात भावनेचाच प्रश्न आहे असे कोणी समजू नये. आपल्या ओढ्यानद्यांत ट्राउट नाही, पण मेफ्लायचे निंफ आहेत. पाण्यातला प्राणवायू घटला, मळी आणि सांडपाणी आले की त्यांतल्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ दगडाखालचे किडे मोजून पाण्याची परीक्षा करतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा ते सर्वांना दिसले. मासे तरंगू लागण्याच्या किती तरी आधी दगडाखालची आसरा निघून जाते. ते कोणाला दिसते? जो रोज पाण्यात उतरतो त्या भोयाला, धुणे धुणाऱ्या बाईला, मोट गेली आणि मोटार आली तरी काठावर जाणाऱ्या शेतकऱ्याला. त्यांना विचारणारे कोणी नसते, आणि त्यांनी सांगितले तर ते टिपून घेणारे कोणी नसते.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. पाऊसकाळ सरला आणि ओढे निवळले की मुलांना येरळेवर न्या. दगड उलटा करून पाहायला सांगा आणि पाहून झाल्यावर तो होता तसा ठेवायला सांगा. काय दिसले ते वहीत लिहा. त्या दिवशी सोबत गावातला एक जुना जाणता माणूस न्या. तो जे सांगेल तेही लिहा, आणि त्याच्या बोलण्यापुढे त्याचे पूर्ण नाव घाला. खर्च एका वहीचा आहे. पाण्याविषयी उद्या तक्रार करण्याची वेळ आली, तर तारीखवार लिहिलेली, नावे असलेली ती वही हा पुरावा होईल. आणि पुरावा नसला की गरिबाच्या तक्रारीचे काय होते, हे मला आपणास सांगायला नको.