‘होय’ या उत्तराचे मोल

अतिसंशय, एकलकोंडेपणा, गूढ शक्तींवरील विश्वास, विस्कळित बोलणे अशा स्वभावलक्षणांच्या समूहास मानसशास्त्रज्ञ ‘स्किझोटायपल’ म्हणतात. ती मोजण्यासाठी एड्रियन रेन यांनी १९९१ साली ७४ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. उत्तर ‘होय’ अथवा ‘नाही’. प्रत्येक ‘होय’ला एक गुण. सोय मोठी, यात शंका नाही!

त्यांत फलज्योतिषाच्या अनुभवाविषयीही पृच्छा आहे. पत्रिका पाहिल्यावाचून ज्या घरात लग्न ठरत नाही, तेथील मुलीने ‘होय’ म्हटले, तर तिने आपल्या मनाचे नव्हे, घरच्या रीतीचे वर्णन केले. ज्या निदानसंहितेवरून हे प्रश्न घडले, तीदेखील समाजमान्य समजुतींना लक्षण मानीत नाही. गुणांच्या बेरजेत मात्र हा विवेक उतरत नाही.

मॉरिशसमधील १२०१ तरुणांची उत्तरे तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांत लक्षणांचे तेच तीन गट आढळले. हे यश लहान नव्हे. परंतु दोन तराजूंची घडण एक असली, तरी एकाचा काटा मुळातच कललेला असू शकतो. अमेरिकन विद्यार्थ्यांवरून ठरविलेली मर्यादा अन्यत्र जशीच्या तशी लावली, तर निरोगी माणूसही संशयित ठरावयाचा. ‘घरातील इतर माणसेही हे मानतात काय?’ हा प्रश्न त्या ७४ प्रश्नांत नाही.