गोठा आणि चूल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हास भाषणाचे निमंत्रण धाडले तेव्हा सोबत विषयही सुचविला होता, 'समाजाची शैक्षणिक प्रगती'. तो आम्ही नम्रपणे परत केला. त्या विषयावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे, आणि सारा जन्म खडू झिजविण्यात गेल्यावर त्याविषयी नवे असे आमच्यापाशी काही उरलेले नाही. आज आम्ही गोठ्याविषयी व चुलीविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या घरात नुकताच जो प्रश्न उभा राहिला तो याच दोन ठिकाणांचा होता, आणि आपणांपैकी अनेकांच्या घरी तो आज ना उद्या उभा राहील, अशी आमची समजूत आहे.

आमचे गाव नरसी. कयाधूच्या काठी वसलेले, नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत असलेले. महाराजांचा जन्म १२७० सालचा मानतात. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातील यात्रेकरूही आमच्या गावी येतात. आमची माय अशा यात्रेकरूंना ताक देई. दाट लस्सीची सवय असलेल्या त्या मंडळींना आमचे पातळ ताक नवलाचे वाटे, आणि ताकात लोणी राहू देणे ही मायच्या मते निव्वळ उधळपट्टी होती. असो. बाळ नामदेवाच्या हातचे दूध देव प्याला ही कथा आमच्या गावात पोर चालू लागण्यापूर्वीच ऐकते. त्या कथेकडे आम्हास पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्या हटकर-धनगर समाजात कोणी मेंढरे राखली, कोणी नांगर धरला. आमच्या आजोबांनी नांगर धरला. पण जनावराचा लळा सुटला नाही. आमच्या लहानपणी दावणीला दोन बैल, तीन लाल कंधारी गाई, एक म्हैस आणि शेजारच्या वाड्यात पंधरावीस शेळ्या असत. वडील माळकरी, म्हणून शेळ्या असूनही घरात कधी मटण शिजले नाही. शेळ्या बाजारी जात. भाऊबंदांच्या घरून रश्श्याचा वास आला की आम्ही भावंडे अंगणात उगाच रेंगाळत असू, एवढे कबूल केले पाहिजे.

घरात बारा माणसे. आम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून हिशेबानेच सांगतो. माणशी दोन वेळच्या मिळून चार भाकरी धरल्या तर रोजच्या अठ्ठेचाळीस. पाहुणा, वाटसरू व कुत्रे मिळून पन्नास. तेवढ्यांचे दळण माय व थोरली वहिनी पहाटे तीनच्या सुमारास जात्यावर घालीत. दळण संपे तोवर तांबडे फुटे. मग शेण, झाडलोट, धारा, पाणी, चूल. शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात, त्याच गोवऱ्या चुलीत जात, चुलीची राख भांडी घासावयास जाई, आणि उरलेले शेण उकिरड्यातून शेतात. आज वसमतच्या हळदीचे नाव सर्वत्र झाले आहे, त्या हळदीच्या पिकालाही शेणखत गाड्यांनी लागते, हे बाजारात हळदीचा भाव विचारणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

गोठा व चूल यांना बांधणारी दोरी म्हणजे ज्वारी. कणीस माणसाचे, कडबा जनावराचे. एकाच पिकाने दोन्ही दावणी भरत. आमच्या घरी जे शिजे ते बहुतेक ज्वारी आणि ताक यांच्या संगतीनेच शिजे. कण्यांचेच पाहा. ज्वारीस पाण्याचा हात लावावयाचा, ती जात्यावर भरड काढावयाची, सुपाने कोंडा उडवून कण्या वेगळ्या करावयाच्या. आधणात मीठ घालून त्या मऊ होईतो शिजवावयाच्या, आणि निवल्यावर वरून ताक. सोबत लसूण-मिरचीचा ठेचा. उन्हाळ्यात औतावरून परतलेल्या माणसास याहून थंड अन्न नाही. अंबाडीच्या भाजीतही मूठभर कण्या पडत. पाला उकडून त्याचे आंबट पाणी पिळून टाकावयाचे, त्यात तुरीची डाळ व कण्या शिजवून घोटावयाच्या, आणि वाढताना लोखंडी पळीत तेल व लसूण लाल करून वर ओतावयाचे. तो चर्र असा आवाज झाल्याखेरीज आम्ही भावंडे ताटावर बसलो आहोत असे आम्हास वाटतच नसे. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेली आंबील, धपाटे व त्यांवर लोण्याचा गोळा, पाहुणा आला की येसराची आमटी. पदार्थांची यादी वाढविण्यात अर्थ नाही, आपल्या सर्व घरांत हेच होते.

गाय व्याली की चिकाचा दिवस येई. प्रथम वासरास पोटभर पाजावयाचे, हा नियम वडिलांनी कधी मोडू दिला नाही. वासरू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेला तरच रोगाशी झुंजण्याचे बळ त्यास मिळते, असे आज पशुवैद्यही सांगतात. वडिलांना पशुवैद्यक ठाऊक नव्हते, वासराचे डोळे ठाऊक होते. उरलेल्या चिकात दूध व गूळ घालून पातेल्यात पातेले ठेवून माय खरवस वाफवी आणि त्याच्या वड्या दहा घरी पोहोचवी.

आता दुधाचा हिशेब. गावठी गाय काही म्हशीसारखे दूध देत नाही. सर्व मिळून सहासात शेर निघे. त्यातले तीन शेर चहाच्या हॉटेलात जाई. मीठ, काडेपेटी, वह्या यांचा खर्च त्यातून भागे. उरलेले गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर दिवसभर तापत राही, त्यावर तांबूस साय धरे. रात्री विरजण, पहाटे रवी. लोणी साठवून कढविले जाई, कढविताना त्यात विड्याचे पान पडे, आणि तळाशी राहिलेल्या बेरीत गूळ कालवून ती मुलांना मिळे. तूप विक्रीस जाई. ताक मात्र कधी विकले नाही. ज्याच्या घरी दुभते नाही त्याने तांब्या घेऊन यावे व ताक न्यावे, अशी गावाची रीतच होती, आणि माय तांब्या पाहून जातगोत विचारीत नसे.

या हिशेबात एक रकाना कोरा आहे. प्रथम देवापुढे वाटी, मग मुलांना, मग वडिलांना व औतावरच्या गड्याला, मग हॉटेलला. मायने दूध प्यालेले आम्ही पाहिल्याचे स्मरत नाही. बाळंतपणात काय मिळाले असेल तेवढेच. देव दूध प्याला ही कथा आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितली. 'दूध हे पूर्णान्न आहे' हे वाक्य फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले. परंतु आपल्या घरी दूध कोण पिते व कोण पीत नाही, हा प्रश्न आम्हास कधी सुचला नाही. गणिताच्या शिक्षकाला हे शोभत नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. कडबा संपला, मग शेकारणीचे गवत संपले, मग झाडांचा पाला. वडिलांनी म्हैस व दोन गाई मिळेल त्या किमतीस दिल्या. बैल ठेवले, आणि एक तांबडी गाय ठेवली, ती मायच्या हट्टामुळे. वडील व थोरले बंधू खडी फोडावयास जात. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. तिच्या पिठाला चिकटपणा नसल्याने भाकरी थापताना फाटे, आणि माय ती तुकड्यातुकड्यांनी तव्यावर जोडी. ती ज्वारी तिकडे गुरांना घालतात हे आम्हास पुढे कळले. गुरांचा दाणा आम्ही खात होतो आणि आमच्या गुरांना काडी नव्हती. त्या गाईने पुढे तीन वेते दिली व गोठा पुन्हा भरला. मायने त्या वर्षी आपल्या वाटची अर्धी भाकरी तिच्या तोंडात घातल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि वडिलांना सांगितले नाही.

दुष्काळाने गोठा मोडला नाही, हे लक्षात घ्यावे. तो मोडला पुढे, सुबत्तेच्या दिवसांत. प्रथम संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट आखूड. मग सोयाबीन आले. सोयाबीनने हाती रोख पैसा दिला, मुलांची कॉलेजे त्यावर झाली, आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. परंतु सोयाबीनचा भुसा म्हणजे कडबा नव्हे. ज्वारीचे शेत गेले तशी दोरी तुटली: गोठ्याला वैरण विकत, चुलीला पीठ विकत, आणि चूल जाऊन शेगडी आली तेव्हा गोवऱ्यांचेही काम संपले. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्यांना उद्याच्या पुरणपोळीचे आमंत्रण द्यावयाचे, ते आता आमच्या घरी मातीच्या बैलांना दिले जाते. त्यांना खांदेदुखी नाही.

राहिल्या होत्या तीन गाई. २०२२ साली लम्पीची साथ आली. ताप, अंगभर गाठी, पायांना सूज. माशा-डासांनी पसरणारा हा रोग माणसास होत नाही, तरीही गावातल्या लोकांनी गाईचे दूध घेणे थांबविले. लस टोचली, पण एका गाईला उशीर झाला होता. आमच्या सूनबाईंनी नऊ रात्री कंदील घेऊन गोठ्यात काढल्या. गाठी फुटल्या त्या कडुनिंबाच्या पाण्याने धुतल्या, गुळाचे पाणी हाताने पाजले. दहाव्या दिवशी गाय गेली. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

यानंतर पुतण्यांनी उरलेल्या दोन गाई काढून टाकण्याचा विषय काढला. हिशेब त्यांच्या बाजूचा होता. वैरण, पेंड, औषध यांचा खर्च दुधाच्या पैशाहून अधिक भरतो, हे आम्ही कागदावर मांडून पाहिले. बेरीज चुकलेली नव्हती. तरी आम्ही ओट्यावर बसून परंपरेवर बराच वेळ बोललो. नामदेव महाराज आले, माय आली, १९७२ ची गाय आली. बंधूंच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "मामा, गाई ठेवा म्हणणारे सगळे ओट्यावर बसलेत. शेण काढणारी मी एकलीच आत आहे."

ओट्यावर कोणी बोलले नाही. क्षणभराने त्याच म्हणाल्या, "गाई मलाही हव्यात. पण शेण-गोठा वाटून घेणार असाल तर ठेवा, नाहीतर उद्याच बाजार दाखवा. आणि सांजच्या धारेचा एक पेला माझा."

बंधुहो, आमच्या मायने हे वाक्य साठ वर्षे मनात धरले असेल किंवा नसेल. आम्ही विचारले नाही आणि आता विचारण्याची सोय नाही. भगिनींना आमची विनंती आहे की आपापल्या घरी हा हिशेब एकदा मोठ्याने मांडावा, पुरुष मंडळी ओट्यावर असतानाच.

गाई ठेवल्या आहेत. आमच्या बांधालगत एक एकर ज्वारी पुन्हा पेरली, कडबा पुरेल असे दिसते. पुतण्यांकडे वैरण-पाणी, बंधूंकडे धारा, आणि सकाळचे शेण आमच्याकडे. कंबर दुखते म्हणून आम्ही एकदा सवलत मागितली, ती नामंजूर झाली. उद्या पहाटे साडेपाचला गोठ्यात हजर राहावयाचे असल्याने आजच्या शेवटच्या गाडीने आम्हास परतणे भाग आहे, तरी भोजनास थांबता येत नाही याबद्दल चिटणीसांनी क्षमा करावी.